कॉरिडॉरमध्ये कोणी राहत नाही

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे सध्या आठांपैकी चारच अंगं टेकतात, बाकीची मनाने टेकली असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठीक आहे. बिघडलंय ते नातीच्या गृहपाठामुळे.

तुला माहीतच आहे, माझी आरामखुर्ची खोल्यांमधल्या बोळात असते. (घरात आम्ही त्याला पॅसेज म्हणतो, नातीच्या पुस्तकात त्याचा कॉरिडॉर झालाय.) दुपारी तिथे डोळा लागतो, पण पुरता लागत नाही. टोकाच्या खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत पायाशी येतं, सूनबाई धुण्याची बादली घेऊन जाते, तिचा एखादा गार थेंब पावलावर पडतो, कुठल्याशा खोलीत मुलगा फोनवर हळू बोलत असतो, आणि मी जागा आहे की आईच्या घरात निजलोय तेच मला कळेनासं होतं. जाता-येता प्रत्येकाला माझे पाय ओलांडावे लागतात, आणि ओलांडताना माणूस काहीतरी बोलतोच. फार सुख वाटतं.

तर परवा नातीला या कॉरिडॉरचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा होता. तिने पेन चावत माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘कॉरिडॉरमध्ये माझे आजोबा राहतात.’ बाईंनी खाली शेरा मारला, की कॉरिडॉर जाण्यायेण्यासाठी असतो, तिथे कोणी राहत नाही, वाक्य दुरुस्त करून आणावे. झालं! मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाला बोळात टाकलंय म्हणतील लोक. आता रविवारी माझी खुर्ची मागच्या खोलीत जाणार. खोली चांगली आहे, पंखा आहे, दारही घट्ट लागतं. (तेच तर दुखणं.) पण त्या खोलीवरून कोणालाच कुठे जावं लागत नाही, ताई. मला भीती वाटते.

पण बोलू कोणत्या तोंडाने? मुलगा स्वतः भिंतींना रंग देतोय, माझ्या आवडीचा.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी वेताची खुर्ची घेऊन शनिवारीच ये. गुडघे पुढे कर आणि मागची खोली मागून घे, तुला कोणी नाही म्हणणार नाही. निजायला तिथे जा, बसायला मात्र माझ्यासमोर. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या की थांबल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येणार नाही.

आणखी एक. नातीने हे पत्र वाचलं आणि लगेच वाक्य दुरुस्त केलं, ‘कॉरिडॉरमध्ये माझे आजोबा आणि त्यांची ताई राहतात.’ वही बाईंकडे गेलीसुद्धा. आता तू आली नाहीस तर पोरीचं उत्तर चुकेल.