रक्ताचं माणूस

१२ फेब्रुवारी १९५९

डॉक्टरबाईंनी आज अखेर सांगितलं. इतक्या वर्षांत कुणाला न सापडलेलं कारण सापडलं. माझं रक्त आणि पोटातल्या बाळाचं रक्त जमत नाही. माझ्याच अंगातलं रक्त त्याच्यावर उठतं. पहिल्या खेपेला ते जागं झालेलं नसतं, म्हणून चंपा वाचली. मग मुलगा झाला, तो हळदीसारखा पिवळा पडून गेला. त्यानंतरची मेलेलीच आली. आता हे चौथं.

म्हणजे मीच! बसमध्ये सगळा वेळ डोक्यात एवढंच.

हे शेजारी बसून समजावत होते. शाळेत गणित शिकवतात, प्रत्येक गोष्टीला उत्तर असतंच असं धरून चालतात. आणि उत्तर आहे म्हणे — बाळ जन्मताच त्याचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरायचं. या इस्पितळात आता ते करतात. पण ते दुसरं रक्त माझ्या गटाचं हवं, आणि तो गट आपल्याकडे फार थोड्यांचा. डॉक्टरबाईंनी विचारलं, भाऊ-बहीण कुणी आहे का? सख्ख्या माणसांत जमण्याचा संभव जास्त.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, कुणी नाही.

१३ फेब्रुवारी

प्रार्थनेला बसले. शब्द आले नाहीत. उठले.

२२ फेब्रुवारी

उपासनेनंतर पाळकांनी मंडळीला सांगितलं. पुष्कळ जण लगेच उठून उभे राहिले. तरणी पोरं, शाळेतले मास्तर, चर्चचा माळी परसूसुद्धा. मला रडू आवरेना. ही सगळी कन्नड माणसं, आमची मराठी प्रार्थना यांना कळतही नाही, आणि बाह्या वर करून तयार!

२८ फेब्रुवारी

कुणाचंच जमलं नाही.

१ मार्च

चर्चला गेले नाही. कावेरीअक्का नाचणीची आंबील घेऊन आली. मागच्या रस्त्यावर राहते, मंडळीतली सगळ्यात म्हातारी. तिची तिन्ही मुलं तापाच्या जुन्या साथीत एका आठवड्यात गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती स्वतः कधी बोलत नाही. आज मी निर्लज्जासारखं विचारलं — अक्का, देव असं का करतो?

तिनं भांडं खाली ठेवलं. कन्नडात म्हणाली, "मला नाही माहीत. मी त्याच्याशी फार भांडले. वाटेल ते बोलले. तो उठून गेला नाही, एवढंच मला सांगता येतं."

मग म्हणाली, स्वल्प तरी पी. मी प्याले.

४ मार्च

कॉटनपेटेतलं घर, माझं माहेर. लिहिलंच पाहिजे आता.

मी बाप्तिस्मा घेतला आणि यांच्याशी लग्न केलं, त्याला आठ वर्षं झाली. त्या दिवशी आईनं माझ्या नावानं आंघोळ केली. मला हे भाग्यलक्ष्मी वैनीकडून कळलं. ती एकदा बाजारात भेटली तेव्हा इकडेतिकडे बघत घाईघाईनं सांगून गेली. अण्णानं तर तोंडावरच सांगितलं होतं, मालोजी नावाचा तुला भाऊ होता हे विसर. तेव्हापासून त्या रस्त्यानं मी गेलेली नाही. राजाजीनगरात घर घेतलं तेही त्यासाठीच — तिकडचं कुणी इकडे यायचं नाही.

हे म्हणतात, जाऊन विचारू. मी शपथ घातली, जायचं नाही. जिच्या नावानं आंघोळ झाली तिनं जाऊन काय मागायचं? तेही रक्त!

८ मार्च

हे जाऊन आले. मला न सांगता! आधी मी खूप रागावले. मग सगळं परत परत सांगायला लावलं.

दार अण्णानंच उघडलं. आत या म्हणाला नाही. यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं — दोन मुलं गेली, तिसरंही जाईल, तुमचं रक्त जमलं तर कदाचित वाचेल. अण्णा खाली बघत ऐकत होता. शेवटी फक्त विचारलं, इस्पितळ कुठलं?

१० मार्च

अण्णा आला होता!! रक्त तपासायला दिलं. मी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसले होते, समोरून आला. कानांवर केस पांढरे झालेत. मग म्हणाला, "स्वल्प वाळलीस ग." बस्स. टोपी नीट करत निघून गेला.

आज प्रार्थना केली. मोठ्यानं, चंपाला मांडीवर घेऊन. हे दारात उभे राहून ऐकत होते.

१३ मार्च

अण्णाचंही जमलं नाही.

सांगायला तो स्वतः आला. पायरीवरच बसला. आमच्या घरचं पाणी प्यायला, सगळं. मी आईचं विचारलं. तिला यातलं काही ठाऊक नाही म्हणाला, घरात तुझं नाव कुणी काढत नाही. जाताना चंपाच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं विचारलं, हे कोण? मी मामा म्हटलं. तिनं मामा कधी पाहिलाच नव्हता.

आशा दाखवायची आणि काढून घ्यायची. हे काय करतोस तू, प्रभू? त्यापेक्षा ती दाखवूच नको ना.

१४ मार्च

काही नाही.

२० मार्च

बाळ आता कमी हलतं. गेल्या वेळीही असंच झालं होतं. मी पोटावर हात ठेवून तासन्‌तास बसते. हललं की सुटका, आणि लगेच पुढच्या वेळेची धास्ती. चंपाच्या जुन्या कुंच्या पेटीतून काढल्या होत्या, आज परत आत ठेवल्या.

शेजारच्या गोदूबाई चांगल्या मनानं म्हणाल्या, मुलगी आहे ना एक, समाधान मानावं. मी मान हलवली. त्या गेल्यावर पाटा धुवायला घेतला आणि हात दुखेपर्यंत घासत बसले.

२७ मार्च, शुभ शुक्रवार

इस्पितळात दाखल झाले. चंपाला कावेरीअक्काकडे ठेवलंय.

डॉक्टरबाई म्हणतात, आता थांबण्यात धोका आहे, सोमवारी ऑपरेशन करून बाळ काढू. रक्ताचं मी विचारलं. म्हणाल्या, मद्रासला विचारलंय. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

दुपारच्या उपासनेहून हे थेट इथे आले. खुर्चीवर बसले, आणि एकदम चेहरा दोन्ही हातांत! मी आठ वर्षांत यांना रडताना पाहिलं नव्हतं. दोन्ही मुलांच्या वेळी पेटी खांद्यावर घेऊन हेच ताठ चालत गेले होते. म्हणाले, "सत्यवती, मला उत्तर येत नाही. मंडळीत सगळे गुडघे टेकून होते, मी नुसता बसून राहिलो. मला काही मागवेना."

इतके दिवस यांच्या विश्वासाचा मला राग येत होता. किती सोपं आहे यांना, असं वाटायचं. आज तो तुटलेला बघितला आणि भीती वाटली. मी यांच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थना मी केली. फार नाही. बाळाचं तुला सगळं सांगून झालंय, प्रभू. आता एवढंच — जे होईल तेव्हा तू इथे अस. उठून जाऊ नकोस.

आमेन हे म्हणाले.

२९ मार्च

पुनरुत्थानाचा रविवार. खिडकीतून गाणी ऐकू येतात. बाया नव्या साड्या नेसून वॉर्डात फुलं वाटून गेल्या. मला झेंडू मिळाला.

मद्रासहून नाही म्हणून कळवलंय.

उद्या सकाळी. बाळ आत्ता हललं. मला वाटतं हललं.

आनंद काही वाटत नाही. खोटं कशाला लिहू? पण शुक्रवारपासून एकटं वाटलेलं नाही. हे का, कसं, ते मला ठाऊक नाही. कबर रिकामी आहे असं खिडकीबाहेर सगळे गात होते, आणि मला माझ्या दोन लहान कबरी आठवत होत्या, आणि तरीही मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होते.

७ एप्रिल

पडल्यापडल्या थोडंच लिहिते.

मुलगा. जिवंत आहे! त्याचं रक्त माझ्याच गटाचं निघालं. डॉक्टरबाई म्हणतात, तसंही होऊ शकतं, पण तीन मुलांनंतर आम्ही धरून चाललो नव्हतो. त्याला कुणाच्या थेंबाचीही गरज पडली नाही.

गरज मला पडली. माझा रक्तस्राव थांबेना. मला त्यातलं काही आठवत नाही, यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी अण्णानं घरी सगळं बोलून टाकलं होतं, आणि सोमवारी सकाळी आई त्याच्याबरोबर घोड्याच्या जटक्यातून आली — नातवाला रक्त द्यायला. तिचं जमलं. ते मला चढवलं.

ती रोज येते. माझ्याशी अजून बोललेली नाही. बाळाला मांडीवर घेऊन बसते. मघाशी नवीन नर्स आली. तिनं विचारलं, या पेशंटच्या तुम्ही कोण?

मी डोळे मिटून पडले होते. झोपलेय असं तिला वाटलं असेल.

"आई," ती म्हणाली.