नादिया आपल्या गल्लीतली

प्रिय ज्योती,

इतक्या वर्षांनी माझं पाकीट पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगते, इकडे सगळं बरं आहे. अब्बा नगरला गाद्यांचं दुकान चालवतात. मी पुण्यात असते, परदेशी सिनेमांना मराठी आवाज देते. शाळेत बडबडीबद्दल छड्या खाल्ल्या, आता त्याच तोंडावर घर चालतंय.

यंदा माझ्याकडे एक फ्रेंच सिनेमा आला. प्रेमाचीच गोष्ट. समुद्राकाठच्या एका शहरात नादिया नावाची मुलगी बेकरी चालवते आणि एका शाळामास्तरच्या प्रेमात पडते. तिचे आजोबा अल्जेरियातून आलेले. अशी मुलगी सिनेमात असली की ती नायिकेची मैत्रीण असते, नाहीतर नुसती सोसणारी. इथं तीच नायिका होती, गं. भांडत होती, रुसत होती, पिठाच्या हातांनी त्याचा शर्ट खराब करत होती. पहिल्यांदा पाहताना मी स्टुडिओतच रडले.

पण आवाज देताना अडलं. आमचे डबिंगचे दिग्दर्शक करण, माणूस भला, मला म्हणाले की नादियाला जरा अडखळत बोलू दे, मधेमधे हिंदी घाल, म्हणजे ती मुसलमान आहे हे कळेल. आणि मला एकदम आपलं आठवीचं स्नेहसंमेलन आठवलं. बाईंनी नाटकात तुला राणी केलं होतं आणि मला ‘अरे बेटी’ म्हणणारी बांगडीवाली. माझं नाव ऐकूनच ते काम ठरलं होतं. तू उभी राहून म्हणालीस, “बाई, अल्मासला राणी करा. बांगड्या मी विकते.” मग तू बांगडीवाली झालीस तेव्हा तुझ्या हिंदीला सगळा मंडप हसला होता, पण तू हटली नाहीस.

तुझ्याइतकी धीट नाही मी, पण मीही बोलले. म्हटलं, “सर, ती तिथंच जन्मलीय, तिथलीच भाषा बोलते. मी कर्जत तालुक्यातली. मी तुमच्याशी अडखळत बोलते का?” त्यांनी झालेलं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मग म्हणाले, पहिल्यापासून घेऊ, तुझ्या पद्धतीनं बोल. नादिया मी आपल्या गावाकडच्या बोलीत बोलले. चिडली की तुझ्या आईसारखी.

गेल्या आठवड्यात नगरच्या फिल्म सोसायटीनं तो सिनेमा दाखवला. संपल्यावर गर्दीतून एक बाई माझ्याकडे आल्या. आपल्या गावच्या भागूबाई काकू! पेपरात माझं नाव वाचून एकट्या एसटीनं आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “कुठल्या का देशाची आसंना, ही तर आपल्या गल्लीतली पोरगी हाय.” आजवर माझ्या कामाला याहून मोठी शाबासकी मिळालेली नाही.

मग चहा पिताना त्यांनी सांगितलं ते ऐकून मला झोप लागेना. दंगलीनंतर आम्ही गाव सोडल्यावर तू कॉलेजातून आलीस, आमच्या बंद दुकानासमोर उभी राहिलीस आणि समजलीस की आम्ही तुम्हा सगळ्यांवर रागावून गेलो. म्हणून तू कधी लिहिलं नाहीस. तुझं लग्न होऊन तू राजूरला गेलीस, तुझे आप्पासाहेब वारले, काहीच आम्हाला कळलं नाही. ज्योती, आम्ही नव्हतो गं रागावलो. गावातल्या त्या वाईट दिवसांत तुझे आप्पा आमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, जेवायलासुद्धा उठले नव्हते. अब्बा हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तेवढंच तुला कळवायला हे पत्र. आणि रविवारी मी राजूरला येतेय. मला वाटलं होतं एकटीच येईन. पण तुझं नाव काढल्यावर अब्बा म्हणाले, “मीबी येतो. आप्पासाहेबाच्या लेकीचं घर बघायचं राह्यलंय.”

तुझीच,
अल्मास