मँगो, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा

१० जानेवारी
आठ वाजून दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावर किंचाळणं सुरू. दुपारी दोनपर्यंत चालू. जोडीला टीव्हीवरच्या बातम्या, त्याही किंचाळतच. भाडेकरू तन्वी पावणेआठला स्कूटरवरून अलिबागच्या लॅबमध्ये रक्त तपासायला जाते आणि तिचा पोपट मला ऐकायला ठेवून जाते. करारात माणसं एक असं लिहिलं होतं. पोपटाचा रकाना नव्हता, ही माझी चूक.
आपला हिरवा राघू नव्हे. परदेशी जात, पिवळाधमक, डोक्यावर केशरी. नाव मँगो. चौलमध्ये, माझ्या कलमाच्या झाडाशेजारी राहून, मँगो! कॉन्व्हेंटमध्ये शिकले मी, आणि इंग्रजी ही झाडणार.

११ जाने.
चावी घेऊन वर गेले, टीव्ही बंद करायला. केला. मग पिंजरा नीट पाहिला. पोपटाची छाती उघडी, सोललेल्या कोंबडीसारखी. तळाशी पिवळी पिसं. मी पाहत असताना त्याने आणखी एक उपटलं. ओरडला नाही.
संध्याकाळी त.ला दारातच गाठलं.
"मावशी, त्याला एकटं वाटू नये म्हणून टीव्ही लावते."
"मला एकटं वाटू नये म्हणून कोणी दिवसभर बातम्या लावल्या तर मीही पिसं उपटीन."
हसली नाही. डोळे भरले. पिल्लू असल्यापासून सिरिंजने भरवून वाढवलाय म्हणे. डॉक्टरांनी सांगितलंय, महिनाभरात थांबलं नाही तर जिथे आणखी पक्षी आहेत, दिवसभर माणूस आहे, अशा घरी द्या. पनवेलचे एक गृहस्थ घ्यायला तयार आहेत. त. द्यायला तयार नाही.

१२ जाने.
म्हटलं, जाताना खाली आणून ठेव. महिनाभर. आवाज तसाही मीच ऐकते, निदान समोर बसून ऐकेन.

१४ जाने.
त.ने नियमांचा कागद दिला. पंखा बंद असल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. नॉनस्टिक तवा नाही, तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतो. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल नाही. चहा, चॉकलेट नाही. खाली डॉक्टरांचा नंबर. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नियम पाळले, रिटायर झाले ते त्यातून सुटायला.
डोशांचा तवा माळ्यावर. देवाला उदबत्तीऐवजी फूल. देव काही बोलला नाही.

१७ जाने.
तीन दिवस माझ्याकडे पाठ करून बसलाय. मी पण केली.

१९ जाने.
शोध लागला. वाटीत दाणे ठेवले की पाच मिनिटांत खातो आणि छातीकडे वळतो. तेच दाणे नारळाच्या सोडणात, काथ्यामध्ये खोचून दिले तर पाऊण तास सोडण सोलत बसतो, पिसांना हात नाही. चोच नाही. वर त.कडे सगळं वाटीत तयार मिळायचं. उरलेला दिवस करायचं काय? त.ला सांगितलं, "त्याला लाड कमी आणि काम जास्त हवंय. तुमच्या अख्ख्या पिढीलाच."
आता माडाच्या झापाच्या पट्ट्या विणून देते. मी विणते, तो उसवतो.

२२ जाने.
पांडूतात्या आले. वाडीची सुपारी तेच उतरवतात. पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभे.
"बाय, ह्यो खरा हाय, का रंगवलाय?"
बोट आत घातलं. चावला.
"तात्या, बोट घातलंत कशाला?"
"बगत व्हतो, खरा हाय का."
हळद मी लावली. वर मलाच म्हणतात, "तुज्यावानीच हाय, बाय."

२६ जाने.
छातीवर नव्या पिसांच्या काड्या फुटल्यात. त.ने वीस फोटो काढले. किंचाळणं आता फक्त ती निघते तेव्हा, पाच मिनिटं. ते समजू शकते.
दुपारी खांद्यावर बसतो. मी बोलावत नाही.

३ फेब्रुवारी
नीट लिहिते. नाहीतर उद्या स्वतःशीच फिरवून सांगेन.
आज सुपारी सोलायला बायका आल्या. पहिला दिवस. अंगणातले आवाज ऐकून हा आत ओरडायला लागला म्हणून पिंजरा बाहेर आणला, मांडवाच्या खांबाला टांगला. आमच्या घरची पद्धत, पहिली सुपारी फोडायची, एक तुकडा उंबऱ्यावर, मग अंगणात जो कोणी असेल त्याच्या हातावर एकेक. आई करायची, मी करते. सगळ्यांना दिला. एक उरला. पिंजऱ्यात दिला.
मी दिला. कोणी सांगितलं नव्हतं.
थोड्या वेळाने दांडीवरून खाली उतरला. पिसं फुलवून तळाशी बसला. तोंडातून पाणी. डोलत होता.
"लागली त्याला," पांडूतात्या म्हणाले. "गार पानी पाज, गूळ चाटव."
माणसाला ओली सुपारी लागते तेव्हा हेच करतो. मी पाणी आणायला निघालेही होते. मग तो कागद आठवला. त.चा फोन लागेना, लॅबमध्ये कपाटात ठेवतात. डॉक्टरांना लावला. म्हणाले, तोंडात काहीही घालू नका, ऊब द्या, ताबडतोब आणा.
रिक्षा. पिंजऱ्यावर शाल. अलिबागपर्यंत एकदाही ओरडला नाही. इतके दिवस तेच तर हवं होतं मला.
इंजेक्शन, सलाइन. डॉक्टर म्हणाले, थोडी आणखी खाल्ली असती तर...
त. संध्याकाळी परस्पर तिथे आली. मी सांगितलं. सुपारी, कोणाच्या हातून, सगळं. "बरं मावशी," म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

४ फेब्रु.
त.ची सुट्टी. पोपट वर. दाणे खातोय, असं जिन्यातून कळलं. दोष द्यायला सकाळपासून कोणीतरी शोधतेय. सापडत नाही.

६ फेब्रु.
त. कामावर. पोपट वर, एकटा. टीव्ही नाही. किंचाळणंही नाही. सोडण आणि पट्ट्या दाराशी ठेवून आले. संध्याकाळी पाहिलं, दाराशी नव्हत्या.

९ फेब्रु.
पनवेलचे गृहस्थ आले. वाईट निघतील अशी आशा होती. चांगले निघाले. मोठं जाळीचं घर, याच जातीचे चार पक्षी, बायको दिवसभर घरी. पिंजऱ्याकडे पाहून म्हणाले, "छाती भरत आलीये की! कोणी केलं हे?"
"मावशींनी," त. म्हणाली. सुपारीचं बोलली नाही.
मी बोलले. त्यांना कळायला हवं. शांतपणे ऐकलं. "होतं," म्हणाले. मग त.ला, "बुधवारपर्यंत विचार करा. घाई नाही."
ते गेल्यावर त. पायरीवर बसली. "मावशी, तुम्ही सांगा ना काय करू."
जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत असतं. म्हटलं, "पोपट तुझा आहे." उठून आत गेले.

११ फेब्रु.
चार पक्षी, जाळीचं घर. मला पंख असते तर मी कुठे गेले असते? उत्तर सोपं आहे. म्हणून लिहीत नाही.

१२ फेब्रु., बुधवार
पावणेआठला त. पिंजरा घेऊन खाली आली. टेबलावर ठेवला. "आजचा दिवस ठेवाल?"
"संध्याकाळी त्यांना काय कळवणार आहेस?"
"माहीत नाही. येताना ठरवते." स्कूटर गेली. तो पाच मिनिटं ओरडला. मग मला पाहिलं आणि दांडीवर सरकत या बाजूला आला, जसं काही झालंच नाही.
पंखा बंद केला, दार उघडलं.
आता साडेपाच. त्याला काय हवंय हे कोणी विचारलेलं नाही. आत्ता माझ्या चष्म्याची दांडी कुरतडतोय. नवा चष्मा आहे. कुरतडू दे.