गाळलेली दोन पानं

अकोला,
७ डिसेंबर २०२५

आदरणीय मुनव्वर मामू,

अस्सलामु अलैकुम. तुम्ही आणि मामी खैरियतीत असाल. इकडे सगळे ठीक आहेत. अम्मीचा गुडघा अजून तसाच आहे. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ती नाही म्हणते. अब्बांनी शिलाईचं दुकान गल्लीतून मेन रोडवर आणलं. गिऱ्हाईक वाढलं, पण बसायला जागा कमी झाली, म्हणून त्यांचे जुने दोस्त आता घरीच येऊन बसतात आणि अम्मी दिवसभर चहा करते. मी काल अमरावतीहून आले. उद्या सकाळच्या गाडीनं परत जाईन.

माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. मला उर्दू लिहिता येत नाही आणि तुम्ही वरूडच्या मराठी शाळेत दहावी केलेली, तेव्हा मराठीतच लिहिते.

मागच्या महिन्यात मला अमरावतीच्या आमच्या कॉलेजनं बोलावलं होतं. ‘व्यवसाय अर्थशास्त्र घेऊन पुढे काय?’ असा विषय होता. त्या कॉलेजात मला तुम्हीच घातलं. अब्बा डी.एड. कर म्हणत होते. तुम्ही त्यांना म्हणाला होता, “पोरीचं डोकं बाजाराचं हाय, तिले बाजारच शिकू द्या.” मुलांना मी हे सांगितलं नाही. मी सांगितलं की आमच्या वर्गातले चौघं बँकेत आहेत, दोघं विम्यात, एक जण लोकांची जीएसटीची कामं करतो, रागिणी स्पर्धा परीक्षेचे क्लास घेते, आणि माझ्यासारखे काही जण कंपन्यांसाठी बाजाराचा अभ्यास करतात. माझं काम नेमकं काय, हे समजावं म्हणून संत्र्याच्या अहवालाचं उदाहरण दिलं. झाडापासून ग्राहकापर्यंत माल किती हातांतून जातो आणि थेट खरेदी केली तर त्यातले किती हात कमी होतात, हा तक्ता पडद्यावर दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी आचल नावाची, नांदगाव खंडेश्वरची एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, जे हात कमी झाले, ते लोक आता काय करतात?”

मी म्हटलं, “ते दुसऱ्या कामाकडे वळतात.”

पुस्तकात असंच आहे. तिनं माझं वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली बसली. कार्यक्रम संपला. मला शाल आणि रोप मिळालं.

मामू, वरूडला आमच्या कंपनीचं खरेदी केंद्र ज्या अहवालावरून उघडलं, तो मी लिहिलेला आहे. वर कंपनीचं नाव आहे, माझं नाही. तुम्हाला पुण्याहून आलेल्या लोकांनी पाहणी केली असं कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. पाहणी फार थोडी झाली. अहवालातली बहुतेक माहिती माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातली होती, आणि प्रकल्प तुमच्या ओसरीवर झाला होता. दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस मी तुमच्याकडे राहिले. तुमच्या संत्र्याच्या धंद्यात बगीचा फुलावर असताना सौदा कसा होतो, इसाराची आगाऊ रक्कम किती, तोडणीला माणसं कुठून आणायची, वजनात सूट का घेतात, सगळं तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. तेव्हा ते परीक्षेसाठीच होतं, हे अल्लाह जाणतो. कंपनीत लागले तेव्हा साहेबांनी विचारलं, वरूड भागाची कोणाला माहिती आहे? मी हात वर केला. तुम्हाला विचारलं नाही.

कॉलेजच्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी मी रजा टाकून एसटीनं वरूडला आले होते. तुमच्याकडे आले नाही. केंद्रावर गेले. फाटकाबाहेर तुमच्या गावचे जानराव काका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ बसलेले होते. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं, लगेच ओळखलं.

मी विचारलं, “काका, भाव कसा आहे?”

“भाव चांगला हाय. पण अर्धाच माल घेतला. बाकीचा बारीक हाय म्हणते, डाग हाय म्हणते.”

“मग बाकीच्याचं काय करता?”

“तेच पाहून राहिलो,” ते म्हणाले. “तुह्या मामूनं कधी झाडावर फळ सोडलं नोतं. बारीक, मोठं, डागी, एकदा बगीचा घेतला की सगळं त्याचं. गारपीट झाली तरी त्याचंच. कंपनी पयल्या साली बरी होती. यंदा तिनं निवड सुरू केली.”

मग त्यांनी मला दोन संत्री दिली. मी एसटीत खाल्ली. चांगली होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. जानराव काका जे बोलले, ते मला माहीत होतं. माझ्या अहवालात ते होतं. सोळा पानांचा मसुदा होता, त्यात दोन पानं या एकाच गोष्टीवर होती: व्यापारी फक्त मधला नफा घेत नाही, तो शेतकऱ्याची जोखीमही उचलतो, तो हटला तर वाईट वर्षात ती जोखीम कोणाकडे जाईल ते आधी ठरवा. चांगली पानं होती. साहेबांनी वाचून एवढंच विचारलं, “हा भाग ठेवायचा आहे का? आपल्याला निर्णय घ्यायचाय, प्रबंध नाही लिहायचा.” त्यांनी काढ म्हटलं नाही. मी जागेवर गेले आणि ती दोन पानं काढली. पाच मिनिटंही लागली नसतील. पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली.

मी वाईट वाटून रडले वगैरे नाही. तुम्ही अम्मीला फोनवर “धंदा बंद केला” एवढंच म्हणालात, तेव्हाही मी स्वतःला सांगितलं की हे व्हायचंच होतं, आज नाही तर पाच वर्षांनी. ते कदाचित खरंही असेल. पण वरूडहून परत आल्यावर मी ती दोन पानं जुन्या मसुद्यातून काढली, त्यात यंदाच्या नाकारलेल्या मालाची माहिती घातली आणि साहेबांना पाठवली. आधी मीच हा भाग गाळला होता, हेही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: पुढच्या हंगामाच्या बैठकीत विचार करू. पुढच्या हंगामापर्यंत जानराव काकांनी काय करायचं, ते त्यात नाही. नोकरी अजून आहे. सोडलेली नाही. सोडायचं धाडस आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल.

माफ करा असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं, कारण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुम्ही मला आधीच पुष्कळ दिलं आहे. हे सगळं तुमच्यासमोर बसून सांगायला येऊ का, एवढंच कळवा. नाही म्हणालात तरी चालेल.

मामींना सलाम.

तुमची भाची, तुम्ही अजून म्हणत असाल तर,
अनीसा


शेंदूरजनाघाट,
१६ डिसेंबर

अनीसा,

दुवा. पत्र भेटलं. तुह्या मामीले वाचून दाखोलं. ती म्हणते, तुह्या अम्मीनं ऑपरेशन करून घ्यावं, भेऊ नाही. मामीच्या भावजयीचं झालं, ती आता जिने चढते.

रिपोर्ट तुह्या हातचा हाय हे मले मागच्याच साली समजलं होतं. कंपनीच्या सायबानं शेतकऱ्यायच्या सभेत पडद्यावर दाखोला. त्यात लिहेल होतं की व्यापारी टनामागं शंभर किलो सूट घेते, आन् त्यातली अर्धी सूट बिनाकारणाची असते. हे अर्धी बिनाकारणाची म्यानंच तुले सांगतलं होतं. दुसऱ्या कोणाले इतलं खरं बोलाची मले काय गरज? म्या तिथंच वळखलं आन् उठून घरी आलो.

पण त्याचा राग नाही. घेत होतो म्हणून सांगतलं. ते दोन पानायचं मले मालूम नोतं. तू लिहिले होते हे आयकून बरं वाटलं, काढले हे आयकून नाही वाटलं. दोन्ही सांगून देतो.

माही रोटी चालू हाय. कंपनी जो माल फेकते तो मी घेतो आन् रसवाल्यायले पोचोतो. जानरावच्या त्या ट्रॉलीतला मालही मीच घेतला. अब्बाले सांगजो, फिकर करू नका.

फोन मी काहून उचलत नव्हतो ते आता सांगतो. तू त्या दिवाळीत आलती तेव्हा मी तुले खुशालरावच्या घरी नेलतं. त्याले म्हटलं, माही भाची हाय, इचारते ते सगळं सांगा, लपवू नका. त्यानं जेवू घातलं आन् सगळं सांगतलं. तेवीस साल आमी दोघायनं बगीचे संग घेतले, कधी कागद केला नाही. त्या सभेत तोही होता, आता तो लोकायले सांगते, मुनव्वरनं घरातलं माणूस आणून माह्या तोंडातून काढून घेतलं. दोन साल होत आले, तो माह्यासंग बोलत नाही. मस्जिदीतून घरी येताना त्याचं घर लागते. तो ओट्यावर बसेल असते. मी खाली पाहून येतो. तुह्या फोनवर मी काय बोललो असतो?

कंपनीले तू लिहून पाठोलं, ठीक केलं. ते कागदाचं काम होतं, कागदावर झालं. खुशालरावले कागद पाठवून चालत नाही.

येत्या रविवारी ये. आंघोळ, नाश्ता झाला की आपण दोघं त्याच्या घरी जाऊ. तो चार गोष्टी बोलन, आयकून घेजो, मधात बोलू नको. मंग सांगाचं ते तूच सांगजो. मी तुह्या बाजूले बसीन, पण तुह्यासाठी एक शब्द बोलणार नाही.

वाट पायतो.

तुहा मामू,
मुनव्वर