'शांत' या खुणेबाबत

दिनांक : २२ जुलै २००९

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पूर इशारा कक्ष, जांभूळकोंड तलाव,
ता. मुळशी, जि. पुणे

विषय : तलावाचे पाणी सोडताना भोंगा मुका राहत असल्याबाबत.
संदर्भ : आपले उत्तर, 'नोंदीनुसार इशारा देण्यात आला आहे. तक्रार निकाली.'

महोदय,

अर्जदार साधना अमोल ढमाले ही तलावाखालच्या सायवाडीत राहते. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये नदी असून तिच्यावर कठडे नसलेला फरशीपूल आहे. अर्जदाराचे पती अमोल उरवड्याच्या कारखान्यात कामाला आहेत. दिवसपाळी सुटली की ते याच पुलावरून मोटारसायकलने घरी येतात.

१. पाणी सोडण्याआधी कक्षातील संगणकावरून ध्वनिमुद्रित इशारा लावला जातो आणि तो वाडीच्या देवळावरील भोंग्यातून ऐकू येतो. भोंगा वाजला की पुलाकडे कोणी उतरत नाही. वाजला नाही की सगळे उतरतात.

२. उन्हाळ्यात पुण्याचे अभियंता श्री. कौस्तुभ यांनी संगणकात खुल्या स्रोताच्या प्रणालीची नवी आवृत्ती बसवली आणि आवाज गेला. साउंड कार्ड ओळखले जात नाही, असे त्यांनी प्रथम सांगितले. नंतर कार्ड ओळखले गेले, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर भलत्याच कार्डाचा निघाला. शेवटी, ध्वनीच्या दोन यंत्रणा एकाच कार्डावर हक्क सांगत आहेत, असे कळले. वाडीत प्रत्येक घरी भावकीचा दावा चालू असल्याने हे कारण सर्वांना लगेच पटले. चाचणीत भोंगा वाजला व अभियंता परत गेले. मात्र वीज जाऊन आली की ड्रायव्हर सर्व विसरतो आणि आवाज बंद ठेवूनच संगणक सुरू होतो. मुळशीच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे कक्षाला सांगणे नको.

३. प्रणाली मराठीत आहे. आवाज बंद करण्याच्या चौकटीपुढे तिच्यात 'शांत' असा शब्द आहे. संगणकावर बसणारे बहिरू शेडगे कामात चोख आहेत. त्यांच्या नावावरून भोंगा बहिऱ्याच्या हाती दिला अशी थट्टा वाडीत होते, तेवढीच. चौकटीत खूण का, असे कक्षात गेलेल्या अर्जदाराने विचारता ते म्हणाले, "वैनी, नदी शांत हाय, म्हणून यंत्र शांत दाखवतंय. पानी सोडलं की आपसूक बदलंल."

त्यानंतर पाणी सोडण्यात आले. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचल्या, 'इशारा दिला' अशी नोंद झाली. वाडीत काहीही ऐकू आले नाही. अर्जदाराच्या सासू रत्नाबाई पुलाखाली कपडे धूत होत्या. पायाखालचा दगड हलला तेव्हा त्यांनी वर पाहिले. त्या वाचल्या, कपडे मिळाले नाहीत.

४. 'शांत' म्हणजे नदी नव्हे, भोंगा, हे अर्जदाराने बहिरू यांना सांगितले. आता खूण काढायची त्यांची तयारी आहे, पण म्हणाले, "कौस्तुभ सायबांनी कशालाच हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय." दोष पुढील आवृत्तीत दूर होईल, तसेच स्रोत खुला असल्याने कोणीही नागरिक तो स्वतः दुरुस्त करू शकतो, असे अभियंत्यांनी कळवले आहे. अर्जदार दहावी पास आहे. शिकण्यास तिची ना नाही. नदी तोवर थांबणार नाही.

५. तरी वीज आल्यावर ती खूण काढण्याचा लेखी हुकूम बहिरू शेडगे यांना आजच द्यावा, आणि ड्रायव्हर सुधारेपर्यंत पाणी सोडण्याआधी माणूस पाठवून देवळाची घंटा वाजवावी, ही विनंती.

६. तलाव काठोकाठ भरला आहे. वाडीत मोबाइलला रेंज नसल्याने हा अर्ज एका शेजाऱ्याच्या हाती पाठवत आहे. लिहिता लिहिता वीज जाऊन आली. म्हणजे आपल्या कक्षातील संगणक पुन्हा सुरू झाला असेल, आणि चौकटीत खूणही आली असेल.

उरवड्याची दिवसपाळी सुटली आहे. भोंगा वाजलेला नाही.

आपल्या भोंग्याच्या टप्प्यात राहणारी,
सौ. साधना अमोल ढमाले
मु. सायवाडी