म्हातारी घोडी कोणाच्या हाती द्यावी

स्टँडवरच्या गाडीवाल्यांनो, चाळीस वर्षे आपण एकच गाऱ्हाणे मांडत आलो. अंगात बळ आहे तोवर लोक आपल्याला राबवून घेतात आणि गुडघे गेले की तोंड फिरवतात. त्यासाठी मोर्चे काढले, साहेबांच्या दारात बसलो, मी घसा फोडफोडून बोललो. आता तो घसाच गेला. म्हणून हा कागद माझी लेक तुम्हाला वाचून दाखवील. मी मरेपर्यंत तो पेटीत कुजवायचा नाही. आज सही झाली की उद्या, रविवारी सकाळी, स्टँडवर मोठ्याने वाचायचा. आपल्या गाऱ्हाण्याची एक दुसरी बाजू आहे. ती मी एकाही भाषणात सांगितलेली नाही.

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा घोडागाडी हाकणे, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. पुढचा उन्हाळा मला दिसेलच असे घशाचे डॉक्टर सांगत नाहीत, पण डोक्याला काही झाले आहे असे तेही म्हणत नाहीत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी मुद्दाम उलटे लिहिले असते, हे तुम्ही जाणताच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करण्याइतका वेळ नाही.

कलम पहिले. रस्त्याकडेचे दोन खोल्यांचे घर माझा मुलगा आणि माझी लेक यांना निम्मे निम्मे. स्वयंपाकाची खोली लेकीची. मुलाने तिच्यावरून वाद घालू नये, त्याने आजवर तिथे साधे पाणीही उकळलेले नाही. मागचा तबेला या वाटणीत धरू नये.

कलम दुसरे. माझी सगळी पुस्तके संघटनेच्या खोलीला. त्यांतली बहुतेक मी गाडीच्या बैठकीवर, लगाम गुडघ्याखाली दाबून वाचली. एकदा मागे बसलेल्या बाई ओरडल्या, "अहो, रस्त्याकडे बघा!" मी म्हणालो, "ती बघतेय की," आणि पान उलटले. ती म्हणजे माझी घोडी. तिला सगळे मास्तरीण म्हणतात. मी गाडीवर उभा राहून सभेत बोलायचो, आणि पंचवीस मिनिटे झाली की ती उजवा पुढचा पाय आपटायची. तरी थांबलो नाही तर गाडीसकट चालू लागायची. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याबद्दल मनातल्या मनात तिचे आभार मानले असतील.

कलम तिसरे. मास्तरणीच्या डोळ्यांवरची चामड्याची झापडे, ज्यांनी स्टँडवरचे एकुलते एक झाड तोडायला लावले त्या साहेबांना द्यावीत. त्यांची स्वतःची आहेतच, पण जास्तीचा एक जोड असलेला बरा. माझा चाबूक कोणालाच देऊ नये. तो चुलीत घालावा.

कलम चौथे. घोडी. इथेच घोडे पेंड खात होते.

मला तबेला मास्तरणीच्याच नावावर करायचा होता. माझे आता सगळे बोलणे पाटीवर चालते. मी तसे लिहून वकीलबाईंपुढे पाटी धरली. त्या म्हणाल्या, "काका, तसं नाही करता येत. कायद्याच्या लेखी ती जंगम मालमत्ता. कपाटासारखी."

मी लिहिले, "कपाट खिंकाळतं का?"

"आमच्या सासूबाईंचं खिंकाळतं. पण ते राहू द्या. घोडीला काही देता येत नाही, घोडी कोणाला तरी देता येते. कोणाला, ते सांगा."

आता कोणाला, ते सांगतो. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचा घोडीवर जीव आहे, पण जिना आहे. मुलगा परवा म्हणाला, "बाबा, चोवीस वर्षांची झाली ती. व्यापारी अजून विचारतोय तोवर देऊन टाका. उद्या तोही विचारणार नाही." व्यापारी म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको. दर बुधवारी त्याचा कत्तलखान्याचा ट्रक आपल्या गल्लीतून हळूहळू जातो. माझ्या मुलाला वाईट म्हणू नका. तो जे बोलला ते मी वीस वर्षांपूर्वी करून बसलो आहे.

माझा पहिला घोडा तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. तपकिरी, तीन पाय पांढरे. चौदा वर्षे त्याने माझी गाडी ओढली, माझी दोन्ही मुले त्याच्या कमाईवर शिकली. मग त्याचा गुडघा सुजला. मी त्याला व्यापाऱ्याच्या ट्रकपाशी नेले. फळी लावली होती, पण तो चढेना. व्यापाऱ्याच्या माणसांनी ओढले, ढकलले, तो जागचा हलला नाही. व्यापारी मला म्हणाला, "तुम्हीच सांगा त्याला, तुमचं ऐकेल." मी म्हणालो, "चल राजा, चल." आणि तो चढला.

माझ्या आवाजाची तुम्ही फार स्तुती केलीत. हजार माणसे त्या आवाजावर उठली, बसली, चालली. पण त्या आवाजाने केलेले सगळ्यांत पक्के काम हे.

त्यानंतर महिन्याभरात आपली मोठी सभा झाली. "ज्यांनी आयुष्यभर ओझं वाहिलं त्यांना म्हातारपणी सावली मिळालीच पाहिजे," असे मी बोललो आणि टाळ्या पडल्या. तेव्हा मागून एक जण उभा राहिला. तो कधी बोलत नसे. तोंडात गुळणी धरून बसल्यासारखा असायचा, म्हणून त्याचे गुळणी हे नाव मीच पाडले होते. तो एवढेच म्हणाला, "तुझा घोडा कुठाय?"

उत्तर नसले की माझ्यासारखा माणूस जे करतो ते मी केले. त्याच्या मळक्या सदऱ्यावर बोललो, त्याच्या दोन म्हाताऱ्या घोड्यांवर बोललो. म्हटले, "यांच्या तबेल्यात घोडे कमी आणि पेन्शनर जास्त." तुम्ही हसलात. तो बाहेर गेला. तेव्हापासून वीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. हे मी आज सर्वांसमोर मान्य करतो की त्याचा प्रश्न खरा होता आणि माझा विनोद हलकट होता.

त्याने ते दोन्ही घोडे शेवटपर्यंत पोसले. दुसरा त्याच्या मांडीवर डोके ठेवून गेला. आता त्याच्याकडे जनावर नाही, तबेलाही घरमालकाने काढून घेतला. तरी तो रोज स्टँडवर येतो आणि टोकाच्या बाकावर बसतो.

मागच्या महिन्यात मी इस्पितळातून आलो. तबेल्यात जाऊन नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडले, नुसती हवा आली. मास्तरणीने कान टवकारले, इकडेतिकडे पाहिले, मग पुढे येऊन माझ्या गळ्याच्या पट्टीवर नाक टेकवून उभी राहिली, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर नेले. गुळणी बाकावरून उठून आमच्या बाजूने चालला होता. तो जवळ येताच तिने आपण होऊन पुढचा पाय उचलून धरला. पाणी पिऊन येणाऱ्या नालबंदाने ते पाहिले. मला म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही पुस्तकात डोकं घातलंत की हा येऊन तिच्या खुरातले खडे काढतो. किती वर्षं झाली."

भांडण माझ्याशी होते. त्याने ते घोडीपर्यंत जाऊ दिले नाही.

म्हणून सदर घोडी मी गुळणीला देतो. ती जिवंत असेपर्यंत मागच्या तबेल्याचा वापरही त्याचाच राहील. त्याला तिथे स्वतःची खाट टाकायची असेल तर टाकावी, भिंत कोरडी आहे. पोस्टातली शिल्लक तिच्या चाऱ्याला. ती गेल्यावर तबेला माझ्या दोन्ही मुलांचा, मग मुलाने तिथे हवी तर मोटार लावावी. तोवर व्यापाऱ्याला दारातही उभे करू नये. तिचे दात झिजले आहेत, दाणे सकाळी भिजत घालावे लागतात. जवळ छत्री उघडलेली तिला चालत नाही. खरारा करताना मानेपासून सुरुवात करावी, पाठीपासून केली तर ती रागावते. बोलत राहिले तर तिला बरे वाटते, पण गुळणीने त्याची काळजी करू नये. वीस वर्षे तिने फार ऐकले आहे.

लेकीला हा मजकूर दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आधी त्यांना जाऊन विचारा ना."

मी लिहिले, "विचारलं तर नाही म्हणेल."

"आणि तुम्ही गेल्यावर हो म्हणतील?"

"मेलेल्याशी भांडता येत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुम्हाला माफ करावं, पण तुम्ही समोर नसताना. आयुष्यभर लोकांना समोर येऊन बोला म्हणालात."

पोरगी माझीच. पाटी पुसली. म्हणून चौथे कलम मी मेल्यावर लागू होणारे नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मग ते मृत्युपत्रात बसत नाही." मी लिहिले, "बसत नसेल तर उभं राहू द्या."

गुळणी, तू बाकावर आहेस हे मला ठाऊक आहे. माझ्या मरणाची वाट पाहू नकोस. मला अजून काही आठवडे तुझ्या शेजारी उभे राहून तिला खरारा होताना पाहायचे आहे. तुला बोलावे लागणार नाही आणि मला बोलता येत नाही, तेव्हा आपले जमेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवू नयेत, त्याला आवडत नाहीत. माझ्या लेकीने हे वाचणे संपवले की ऊठ, तिच्याबरोबर तबेल्यापर्यंत चालत ये, आणि मास्तरणीचा दोर माझ्या हातातून घे.

लिहून ठेवणार: गाडीवाला (सही)

साक्षीदार पहिला: नालबंद. सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दुसरी: समोरची बेकरीवाली. माझ्याही समोर झाली. मी यातले काही घेणार नाही, पुस्तकेसुद्धा नकोत. (सही)

ठिकाण: घरामागचा तबेला
तारीख: बारा नोव्हेंबर, शनिवार