आईच्या जागेचं दान

बाबा, परवा तुमच्या निसर्ग केंद्रात मला भाषणाला बोलावलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोरिवलीत अजून कुणी ना कुणी भेटतं आणि सांगतं, तुमच्या वडिलांमुळे आम्हाला झाडं कळली. मी नुसती हसते.

ती जागा आईची होती. पूर्वेला, जंगलाच्या कडेची, आजोबांनी तिच्या नावावर केलेली. तिथे दोन खोल्या बांधायच्या, मागे फणस लावायचा, हे ती मला भाजी निवडताना कितीदा सांगायची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी नववीत होते, आणि आजूबाजूचे बंगले पाडून बिल्डर सोसायट्या उठवत होते. एका सकाळी तुम्ही बक्षीसपत्राचे कागद घेऊन स्वयंपाकघरात आलात. आई भाकरी थापत होती. जागा बिल्डरच्या घशात जाण्यापेक्षा शाळेतल्या मुलांच्या उपयोगी पडेल, निसर्ग केंद्र काढणाऱ्या संस्थेला तसा शब्द दिलाय, असं तुम्ही सांगितलंत.

"मला न विचारता?" ती म्हणाली.

"तू नाही म्हणणार नाहीस, हे माहीत होतं मला."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि तुम्ही बोट ठेवाल तिथे सह्या केल्या. तवा तसाच तापत राहिला.

केंद्राच्या उद्घाटनाला संगमरवरी पाटीवर एकच नाव होतं, तुमचं. परतताना रिक्षात मी विचारलं, आईचं का नाही? "दिलेल्या वस्तूवर आपलं नाव शोधू नये," तुम्ही म्हणालात, तेही माझ्याकडे न बघता. मग तुमचं कसं कोरलंय, हे मला घरी पोचल्यावर सुचलं, आणि तुम्हाला उलट बोलायची आपल्याकडे पद्धत नव्हती. आई रिक्षातून बाहेर बघत होती.

मग दर रविवारी शिबिरं. तुम्ही मुलांना वारूळ दाखवताय, पानाच्या शिरा मोजायला लावताय. तुम्ही शिकवायचात फार सुंदर, हे नाकारत नाही. आई पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास जणांची उसळ ढवळते आहे. एक मुलगी ताट पुढे करून विचारते, "मावशी, तुम्ही इथे कामाला आहात?" तुम्ही चार पावलांवर उभे आहात. मी तुमच्याकडे बघते. आई म्हणते, "हो," आणि तिला उसळ वाढते. तुम्ही ऐकलंत, बाबा. वळलात, आणि वारुळाबद्दलचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलंत.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुमच्या आजारपणातही. तुम्ही कधी कारण विचारलं नाहीत.

परवा मात्र सगळं सांगायचं ठरवून गेले होते. कागदावर लिहून नेलं होतं, जागा कुणाची, सह्या कशा झाल्या. आई आता थकली आहे, तरी हट्टाने आली, पहिल्या रांगेत बसली. अध्यक्षांनी "दानशूर पित्याची कन्या" अशी माझी ओळख करून दिली आणि सगळं सभागृह माझ्याकडे कौतुकाने बघू लागलं. मी तुमच्यावर बोलले. वीस मिनिटं, फक्त तुमच्यावर. टाळ्या थांबेनात. आईसुद्धा वाजवत होती.

मी घाबरले नव्हते, विसरलेही नव्हते. कागद हातातच होता. मला त्या टाळ्या हव्या होत्या, बाबा.